टाइट

३. टाइट : मूळ इंग्रजी विशेषण, घट्ट, आवळलेला. बोरीकडे (ता. जिंतूर, जि. परभणी) नट टाइट, पोराची पँट टाइट, इथवर सरळ आहे. 'गडी टाइट हाय' म्हणजे मात्र प्यालेला. इंग्रजी बोलीतही हा अर्थ जुनाच. पैशांच्या ओढीला 'तंग' हा फारसी शब्द आहेच. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा, तेव्हा फारसी शब्दाचं नवल नाही. चिनी भाषेत हात 'जिन', म्हणजे आवळलेला, असला की खिसा रिकामा. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या चिनी माणसाला 'मनी इज टाइट' चटकन कळावं. आपल्याकडे आखडता हात कंजुषाचा! ही टीप ज्या प्रसंगावर आहे, त्यात आजोबा 'टाइट कर' म्हणतात ते बाजेच्या सुतळीबद्दल. नातू उगाच हसतो.