गोंड्याची लोकरी टोपी : सुईचा क्रमांक आणि विणण्याची कृती

सनीव्हेलमध्ये बर्फ सहसा पडत नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 4-5 अंश सेल्सियसपर्यंत उतरतो, आणि सुटीत टाहो सरोवराकडे बर्फ पाहायला जाणाऱ्यांना कान झाकणारी टोपी लागतेच. अशी टोपी भारतातून आणलेल्या टिपणावरून येथील सुयांवर विणली, तर ती फार सैल होण्याचा संभव असतो. याचे कारण सुईच्या क्रमांकात आहे.

भारतात जुनी ब्रिटिश पद्धत रूढ असून तीत क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होत जाते. अमेरिकेत नेमके याच्या उलट आहे. भारतातील 8 क्रमांकाची सुई 4 मिलिमीटर जाडीची, तर अमेरिकेतील 8 क्रमांकाची 5 मिलिमीटर जाडीची असते. 10 क्रमांकाच्या बाबतीत हा फरक 3.25 आणि 6 मिलिमीटर इतका होतो. म्हणून टिपणात 8 क्रमांक असेल तर येथे 6 क्रमांकाची सुई घ्यावी; शक्यतो मिलिमीटरचा आकडाच पाहावा.

साहित्य : 4 मिलिमीटरच्या सुया, वेष्टनावर 4 हा आकडा असलेली मध्यम जाडीची सुमारे 150 ग्रॅम लोकर, शिवणाची जाड सुई आणि पुठ्ठा.

कृती : प्रौढ व्यक्तीसाठी 98 टाके घालावेत. पुढील बाजूने 2 सुलट, 2 उलट असे विणत शेवट 2 सुलट टाक्यांनी करावा. परतीच्या ओळीत समोर दिसेल तसा टाका विणावा. सुलट टाक्यांच्या उभ्या रेघा वर उचलल्या जातात आणि उलट टाक्यांच्या आत दबतात. त्यामुळे वीण आकसते, ताणली जाते आणि डोक्याला घट्ट बसते.

26 सेंटिमीटर विणून झाल्यावर पुढील बाजूच्या ओळीत उलट टाक्यांची प्रत्येक जोडी एकत्र विणावी. 74 टाके उरतील. परतीची ओळ साधी विणून पुढच्या ओळीत सुलट जोड्या एकत्र कराव्यात, 49 उरतील. पुन्हा एक साधी ओळ विणून सर्वत्र दोन-दोन टाके एकत्र करावेत. उरलेल्या 25 टाक्यांतून धागा ओवून घट्ट ओढावा आणि कडा शिवावी. खालची 6 सेंटिमीटरची पट्टी बाहेर दुमडायची असल्याने तेवढी शिवण विरुद्ध बाजूने घ्यावी.

गोंडा : 7 सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्यावर लोकरीचे शंभरेक वेढे घ्यावेत. पुठ्ठा काढून मधोमध मजबूत धाग्याने आवळावे, दोन्ही टोके कापून गोल आकार द्यावा आणि गोंडा टोपीच्या शेंड्याला पक्का शिवावा.

बाळासाठी विणताना : गोंडा टाळावा, सुटलेला धागा तोंडात जाऊ शकतो. बाळाला झोपताना टोपडे घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मात्र शरीराचे तापमान अतिरिक्त वाढू नये म्हणून, जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नवजात अतिदक्षता विभाग वगळता, घरात बाळाला टोपी घालू नये, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची 2022 ची सूचना आहे. टोपी बाहेर थंडीत जाताना घालावी आणि घरात येताच काढावी.