तळेगावची फुंकणी, फिरोजाबादची भट्टी

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहून आलेला मराठी माणूस दोन गोष्टी हटकून सांगतो. पहिली, जेवणाच्या लांबलचक मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी. तिच्यातून कापीव स्फटिककाचेच्या सुरया पाहुण्यांपुढे येत असत. दुसरी, दरबार दालनातील दोन प्रचंड झुंबरे. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन सांगतात, आणि ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी वर हत्ती चढवले होते ही कथा त्यासोबत येतेच. हत्तींचे खरेखोटे बाजूला ठेवू. उत्तरेतील नोकरीच्या काळात पुण्यामुंबईहून येणाऱ्या आप्तांना ग्वाल्हेर दाखवणे हे माझे बिनपगारी कामच होऊन बसले होते, त्यामुळे हा वाडा मी अनेकदा पाहिला. १८७४ साली उभ्या राहिलेल्या या मराठी दरबारात झुंबरे युरोपातून आली, हे वाटाड्या अभिमानाने सांगतो. ती आपल्याकडे का होत नव्हती, हा प्रश्न मात्र मी कोणाच्याही तोंडून ऐकला नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही तो बऱ्याच उशिरा पडला.

काच आपल्याला नवी नव्हती. मणी आणि बांगड्या इथे शतकानुशतके होत आल्या. उत्तरेत ऊसर जमिनीवर फुलून येणारी 'रेह' नावाची खारी माती वाळूबरोबर वितळवून कारागीर काच करीत. आपल्या वऱ्हाडातील लोणारच्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारे जिन्नस मिळतात, अशी नोंद अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त करून ठेवली आहे. परंतु रेहसारख्या अशुद्ध खारापासून होणारी काच हिरवट-काळसर आणि बुडबुड्यांनी भरलेली असे. बांगडीला ते चालते, किंबहुना शोभते. पाण्याच्या पेल्याला चालत नाही. वाळूतील लोहाचा अंश काचेला हिरवी झाक देतो. ती घालवायची तर वाळू निवडक हवी, सोडा शुद्ध हवा, भट्टीचा ताप चौदाशे अंशांच्या आसपास टिकायला हवा. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली शिशाच्या संयुगाचा उपयोग करून जड, लखलखीत काचेचे एकस्व मिळवले. शिशामुळे काच प्रकाश अधिक वाकवते आणि सहज कापली जाते, म्हणून पैलू पाडता येतात. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने अशा काचेची झुंबरेच नव्हे तर खुर्च्या-मेजेही घडवून हिंदुस्थानी संस्थानिकांना विकली. त्यांचे कलकत्त्यात दालनच होते.

पदार्थ मिळवणे हा निम्मा भाग. दुसरा निम्मा कारागिराच्या गालात आणि मनगटात असतो. लोखंडी फुंकणीच्या टोकाला मधासारखी काच गुंडाळून घ्यायची, फुंकणी सतत फिरवत ठेवायची, एक फुंकर, एक झोका, आणि काच थंडावण्यापूर्वी घाट साधायचा. नंतर भांडे तासन्‌तास हळूहळू निववायचे, अन्यथा ते वरून धड दिसले तरी आतल्या ताणाने एखाद्या रात्री आपोआप तडकते. हे पुस्तकातून येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशात निघालेले आधुनिक काचकारखाने एकामागून एक बुडाले, त्यांत भांडवलाइतकीच या हातांची वाण नडली.

इथे आपल्या तळेगाव दाभाड्याचा प्रवेश होतो. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी 'पैसा फंड' काढला. कल्पना इतकी साधी की ऐकणाऱ्याला हसू यावे : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारावेत. तेव्हाच्या रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे शंभर रुपये जमवायला सहा हजार चारशे माणसांपुढे हात पसरावा लागे. वसुलीच्या कामात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला या हिशोबाने घाम फुटतो. इतक्या लहान रकमेची वसुली करण्याचा खर्चच रकमेपेक्षा जास्त होतो, असा शेरा मारून मी तो प्रस्ताव परत पाठवला असता. काळे मात्र गावोगाव फिरले. टिळकांनी फंडाला पाठबळ दिले, आणि १९०८ साली, म्हणजे ज्या वर्षी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली त्याच वर्षी, तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला.

या कारखान्याची तांत्रिक धुरा ज्यांनी उचलली ते मराठी नव्हते. ईश्वरदास वार्ष्णेय हे संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील. शिक्षणासाठी ते आधी जपानला आणि तेथून अमेरिकेत बोस्टनजवळच्या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेत गेले. परत आल्यावर त्यांनी आपली विद्या तळेगावात ओतली. हा कारखाना शाळाही होता, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल तेच. तिथे फुंकणी धरायला शिकलेली मुले पुढे देशभरच्या कारखान्यांत पांगली. तळेगावच्या पेल्या-चिमण्यांनी विलायती मालाला किती शह दिला हा प्रश्न वेगळा. कारागीर तयार झाले, हे निर्विवाद. खुद्द वार्ष्णेयांनी पुढे आपल्या प्रांतात बहजोईला काचकारखाना उभारला; खिडक्यांची सपाट काच करणाऱ्या देशातील आरंभीच्या कारखान्यांत तो गणला जातो. महाराष्ट्रातील खेडुताचा पैसा आणि गंगेच्या दुआबातील तरुणाची विद्या यांची गाठ अशी पडली होती. मी त्या प्रांतात अनेक वर्षे काढली, पण तिथल्या कोणा सहकाऱ्याला तळेगाव ठाऊक नव्हते, आणि पुण्यातल्या माझ्या नातलगांना बहजोई.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद झाला आणि देशी भट्ट्यांना श्वास घेता आला. कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांचा 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघर पोचला. युद्ध संपले, आयात परतली, आणि प्रश्न सरकारदरबारी आला.

आता थोडे फाइलींविषयी; वाचकांनी कंटाळू नये, कारण या कथेतील सर्वांत मोठा फटका फाइलीनेच दिला. सर इब्राहिम रहिमतुला यांच्या अध्यक्षतेखालील आर्थिक आयोगाने १९२२ साली असे ठरवून दिले होते की, ज्या उद्योगाला देशात नैसर्गिक अनुकूलता आहे, संरक्षणावाचून ज्याची वाढ होणार नाही आणि जो कालांतराने स्वतःच्या पायांवर उभा राहील, त्यालाच आयातकराचे संरक्षण मिळावे. काचेचा अभ्यास जकात मंडळाने केला आणि १९३२ साली संरक्षणाच्या बाजूने अहवाल दिला. वाळू, चुना, कोळसा, मजूर, बाजारपेठ सारे देशात आहे. बाहेरून येतो तो मुख्यतः सोडा, असे मंडळाचे म्हणणे. सरकारने तीन वर्षे निर्णय दिला नाही. आणि ही तीन वर्षे साधी नव्हती. १९३१च्या डिसेंबरात जपानने सुवर्णचलन सोडले, येन घसरला आणि जपानी काच कवडीमोलाने इथल्या बंदरांत उतरू लागली. अखेर १९३५ साली उत्तर आले : सोड्यासारखा मुख्य कच्चा माल देशात होत नाही, सबब पहिली अट पूर्ण होत नाही, सबब संरक्षण नाही. आयात सोड्यावरील करात तेवढी सवलत दिली.

नियमाच्या अक्षराला धरून हा निर्णय लिहिता येतो, हे मी कबूल करतो. अशा टिपण्या मीही लिहिल्या आहेत. पण ज्या लँकशायरमध्ये कापसाचे एक बोंड पिकत नाही त्याच्या गिरण्यांवर साम्राज्य उभे राहिले, आणि इथे मात्र एक जिन्नस परदेशी म्हणून उद्योगच अपात्र ठरला, याला न्याय म्हणता येत नाही. त्यातही काळाची थट्टा अशी की चारच वर्षांनी, १९३९ साली, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूरला टाटांचा रासायनिक कारखाना स्थापन झाला आणि पुढे सोडा देशातच मुबलक होऊ लागला. अहवालावरचा निर्णय वेळेत झाला असता तर किती कारखाने तगले असते, हे सांगता येणार नाही. नाजूक टेबलकाच करण्यासाठी लागणारी दोन पिढ्यांची सलग उसंत मात्र आपल्या कारागिरांना कधी मिळाली नाही, एवढे खरे.

जी काच टिकली ती बांगडीच्या आधाराने, आणि ती आग्र्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर, फिरोजाबादला. आपल्याकडे लग्नात हिरवा चुडा भरतात, श्रावणात कासाराच्या दुकानात गर्दी होते. त्यातला बहुतांश माल या एका गावचा. वितळलेल्या काचेची तार फिरत्या 'बेलन'वर गुंडाळून लांब वेटोळे होते, ते हिरकणीने उभे चिरले की शेकडो उघडी कडी मिळतात. ती घराघरांत जातात. तिथे बायका-मुली ज्योतीवर कडे सपाट करतात ती 'सधाई', आणि दोन टोके सांधतात ती 'जुडाई'. त्याच गावात पेले, सुरया, झुंबरांचे लोलकही होतात. जयविलासचा थाट नसेल, पण फुंकणी तीच.

१९९७ साली, सेवेत नवखा असताना, मी या भट्ट्या प्रथम पाहिल्या. पार्श्वभूमी वाचकांना स्मरत असेल. ताजमहालाच्या संगमरवराला धुराने बाधा होते म्हणून १९८४ साली दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात कोळसा जाळणाऱ्या उद्योगांनी नैसर्गिक वायूकडे वळावे अथवा क्षेत्राबाहेर जावे, असे त्याचे सार. या ओघात फिरोजाबादच्या भट्ट्याही गॅसवर आल्या. निकाल योग्य होता, याविषयी मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. त्या गावची हवा छातीत घेणाऱ्यांना ताजपेक्षा आधी तो हवा होता.

पण आदेश कागदावर असतो आणि काच मडक्यात. अग्निमातीच्या मोठ्या मडक्यांत, म्हणजे 'पॉट'मध्ये, एकेका रंगाची काच रात्रंदिवस वितळलेली राहते. भट्टी एकाएकी विझवली की काच आत गोठते आणि मडकी तडकतात. म्हणून या धंद्याला रविवार नसतो, दिवाळीही नसते. 'अमुक तारखेपासून बंद' हे तीन शब्द लिहिताना याचा विचार करावा लागतो, हे मला एका वृद्ध उस्तादांनी शिकवले. त्यांनी मला भट्टीच्या तोंडाशी उभे केले आणि आतल्या उजेडाचा रंग पाहून ताप कसा ओळखायचा ते दाखवले. मला सगळे एकसारखे पिवळे दिसत होते. मी म्हटले, "चचा, गॅस आला की हे सगळे सोपे होईल." ते म्हणाले, "साहब, कोयले को हम पहचानते थे. इसको पहचानना पड़ेगा. उतने दिन खाएँगे क्या?"

ज्यांना जोडणी मिळाली ते पुढे सावरले. गॅसचा ताप अधिक एकसारखा, राख नाही, काच स्वच्छ निघते. पेल्यांची प्रत सुधारली हे मी स्वतः हाताळून सांगतो. ज्यांची भट्टी लहान आणि कागद अपुरे, ते मागे पडले. न्यायालयाने कामगारांच्या वेतनाचे आणि नुकसानभरपाईचे हक्क निकालात नोंदवले होते. तसे करणारे निकाल विरळा. परंतु हक्क मिळतो तो हजेरीपटावर नाव असलेल्याला. फिरोजाबादमध्ये कडे सांधणाऱ्या हातांचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. मालाची ने-आण ठेकेदार करी, मजुरी नगावर मिळे. १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पात फिरोजाबादचा समावेश झाला होता, त्यामुळे लहान मुलांची गणना तरी झाली. त्यांच्या आयांची तीही नाही.

मी भरायच्या तक्त्यात 'बाधित कामगार' असा रकाना होता. एका बंद भट्टीसमोर मी मालकाच्या नोंदवहीतून आकडा उतरवला : १४. त्याच संध्याकाळी मागच्या गल्लीतून जीपकडे परतताना दारादारांतून स्टोव्ह विझलेले दिसले, आणि एका उंबऱ्यावर उघड्या कड्यांचे हिरवे जुडगे तसेच पडून होते. एका बाईने विचारले, "माल कब आएगा, बाबूजी?" मी ठेकेदाराला विचारायला सांगितले. तक्ता दुसऱ्या दिवशी गेला, आकडा १४ असाच.