थंडीचं भांडवल

लहानपणी आमच्याकडे सफरचंद यायचं ते कोणी आजारी पडलं की. एका सफरचंदाच्या आठ फोडी. दोन आजाऱ्याला आणि उरलेल्या आम्हा धडधाकटांना! (ताई, वाचत असशील तर तुला आठवेल.) फळ सिमल्याचं, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. ते सिमल्याला कसं पोचलं, हे फार उशिरा वाचलं.

सॅम्युअल स्टोक्स हा फिलाडेल्फियाचा, सुखवस्तू घरातला मुलगा. १९०४ साली, एकविसाव्या वर्षी, कुष्ठरोग्यांची सेवा करायला तो हिंदुस्थानात आला. सिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगडला रमला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. बेगार पद्धतीविरुद्ध, म्हणजे सक्तीच्या फुकट मजुरीविरुद्ध लढला. १९२१ मध्ये इंग्रजांनी त्याला तुरुंगात टाकलं. १९३२ साली तो हिंदू होऊन सत्यानंद झाला. एका माणसाच्या आयुष्यात किती काय मावतं!

पण पहाडी लोकांना तो आठवतो तो सफरचंदामुळे. कुलूकडे इंग्रजांनी आधीच बागा लावल्या होत्या, पण त्यांची फळं आंबटसर. स्टोक्सने १९१६ साली अमेरिकेतून 'रेड डिलिशस'ची रोपं आणली. फळ लाल आणि गोड, आपल्या जिभेला लगेच रुचणारं. बघता बघता शेजाऱ्यांनीही लावलं आणि घरापुरतं धान्य पिकवणाऱ्या उतारांवर रोख पैसा आला. घरं, शाळा, लग्नं, सगळं त्यावर उभं राहिलं.

रोप अमेरिकेचं असलं तरी खरं भांडवल इथलंच होतं, ते म्हणजे थंडी. या जातीच्या झाडाला हिवाळ्यात साधारण हजारेक तास सात अंशांखालचा गारठा लागतो. तो मिळाला नाही तर कळ्या नीट जाग्या होत नाहीत, बहर मागेपुढे येतो, फळ कमी धरतं. बर्फ हळूहळू वितळून जमिनीत ओल ठेवतो, म्हणून तिकडचे बागाईतदार त्याला 'पांढरं खत' म्हणतात.

आणि हेच भांडवल आता आटत चाललंय. हिवाळे उबदार होताहेत, बर्फ कमी आणि अवेळी पडतो. खालच्या भागातले शेतकरी डाळिंब, किवी, भाजीपाल्याकडे वळलेत. सफरचंद वर सरकतंय, किन्नौरला, अगदी स्पितीपर्यंत, जिथे पूर्वी जव आणि मटार पिकायचे.

"मग जाऊ दे की वर!" असं आपण सहज म्हणू. पण पीक वर जातं, शेतकऱ्याचा सातबारा जात नाही. त्याची जमीन बापाने ठेवली तिथेच राहते. शिवाय डोंगर जितका चढावा तितका निमुळता होतो, वर जमीन आहेच किती?

बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी जात शोधली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यातून आशा वाटते. पण उभी बाग काढून नवी लावायची म्हणजे फळ धरेपर्यंतची वर्षं घर कशावर चालवायचं? स्टोक्सच्या शेजाऱ्यांनी नवं पीक घेतलं ते चार पैसे जास्त मिळतील म्हणून. त्यांच्या नातवंडांना ते घ्यावं लागतंय आहे ते टिकवण्यासाठी. या दोन्हींत फार फरक आहे.

असो. आता सफरचंद आमच्याकडे कोणी आजारी नसतानाही येतं. आजारी पडलाय तो त्याचा डोंगर.