एका तसबिरीवरून पलटणीचा शोध

नीरेच्या उत्तर कांठीं करंजें, निंबूत, मुरूम, वाणेवाडी या बाजूस दप्तरें पाहात हिंडणाऱ्या संशोधकापुढें सनदा, खतें व वंशावळी यांच्या जोडीला आतां आणखी एक जिन्नस येऊं लागला आहे. तो म्हणजे लष्करी पोषाखांतील पूर्वजाची तसबीर. घरची मंडळी ती भिंतीवरून उतरवून दाखवितात व ‘हे कूटच्या वेढ्यांत होते’ असें सांगतात. संशोधक मान डोलावतो आणि मोडी कागदांकडे वळतो. वास्तविक तसबीर हाहि एक दस्तऐवजच आहे. त्याची छाननी खताप्रमाणेंच झाली पाहिजे.

पलटण कळून लाभ काय, असें कोणी विचारील. इराकांत पडलेल्या व ज्यांचें थडगें ज्ञात नाहीं अशा चाळीस हजारांवर सैनिकांचें स्मारक बसरा येथें इ. स. १९२९ त उघडलें. त्यावर इंग्रज शिपायाचें नांव कोरलें. हिंदी सुभेदार-जमादारांचींहि कोरलीं. परंतु हिंदी हवालदार, नाईक व शिपाई यांच्या वांट्यास तेथें नांव आलें नाहीं. पलटणीच्या नांवाखालीं त्यांचा नुसता आंकडा घातला गेला. पुढें इ. स. १९९७ त तें स्मारकच मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या वाटेवर नेलें, आणि असल्या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगानें इ. स. २०२१ त माफी मागितली. तात्पर्य, त्या दगडावर शिपायाची जी कांहीं खूण उरली ती त्याची पलटण. ती चुकली तर भलत्याच आंकड्यापुढें हात जोडले जाणार.

प्रस्तुत तसबीर सोमेश्वरनगरच्या परिसरांतील एका घराण्यांतील असून मालकांच्या इच्छेवरून नांव देत नाहीं. आकार पोस्टकार्डाचा. पाठीवर दोन हातांचें लेखन आहे. वरचें मोडी, बोरूनें लिहिलेलें, त्यांत फक्त नांव व गांव. खालचें बाळबोध, फौंटनपेनाचें, त्यांत ‘कूट’ हा शब्द. म्हणजे कूटची परंपरा दुसऱ्या हाताची, व उघडच मागाहूनची आहे. तिला समकालीन पुराव्याची किंमत देतां येत नाहीं.

पुढील बाजूस तिवईशेजारीं उभा असलेला तरुण. डोक्यास खाकी पागोटें. पठाण व पंजाबी मुसलमान शिपायांच्या पागोट्यांतून वर निघणारें कुल्ल्याचें टोंक येथें नाहीं. अंगांत बिनगळ्याचा लांब खाकी कुडता, छातीवरून कातडी काडतूसपट्टा, पायांस पट्ट्या. बाहीवर फीत नाहीं, म्हणजे साधा शिपाई. पदक नाहीं, म्हणजे महायुद्धाचीं पदकें वांटलीं जाण्यापूर्वींचा काळ. कातडी पट्टा हा महायुद्धाच्या आरंभकाळाशीं जुळतो. येथवर काल ठरला, पलटण नाहीं.

पलटण खांद्यावर असते. त्या जागीं पितळी आंकडा आहे. त्याचे पहिले दोन अंक ११ असे स्वच्छ लागतात, तिसऱ्यावर कागदाची घडी पडून लेप उडाला आहे. मुंबई सैन्याच्या जुन्या क्रमांकांत इ. स. १९०३ त किचनेरसाहेबांनीं शंभर मिळविले, म्हणून तिसरी ती एकशें तिसरी झाली. ज्या तसबिरींत एक किंवा दोनच अंक असतील ती सामान्यतः त्यापूर्वींची, असा यांतून सोपा नियम मिळतो. ११ नें आरंभ होणाऱ्या पायदळ पलटणी ११०, १११, ११२, ११३, ११४, ११६, ११७ व ११९ अशा आठ. ११५ व ११८ नव्हत्याच. त्यांच्या मूळ पलटणी इ. स. १८८२ त मोडल्या होत्या. १११ हाहि क्रमांक त्याच कारणानें रिकामा होता, तो इ. स. १९१७ त महार पलटणीस मिळाला व १९२१ त ती पलटण मोडली. महारांची भरती पूर्वीं बंद केली गेली होती व ती पुन्हां सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनीं इ. स. १९१० त भारतमंत्र्यांकडे अर्ज केला होता. अवघीं चार वर्षें चाललेल्या या पलटणीचा आंकडा कोणाच्या घरीं आढळला तर ती तसबीर डोळ्यांत तेल घालून जपावी.

उरलेल्यांपैकीं कूटच्या वेढ्यांत ११०, ११७ व ११९ या तीन होत्या. त्यांशिवाय मराठ्यांची १०३ वी. आतां भिंगाखालीं आंकड्याच्या वर एक वळसा दिसतो, तो बिगुलाचा आहे. बिगुल ही लाइट इन्फंट्रीची खूण. मराठा पलटणींत तो मान त्या वेळीं १०३, १०५ व ११० यांनाच होता. ११४, ११६ व ११७ या नुसत्या ‘मराठा’ म्हणविल्या जात. सबब तिसरा अंक शून्य. मात्र इ. स. १९२२ नंतर बिगुल साऱ्याच मराठा पलटणींचा झाला, यास्तव केवळ बिगुलावरून निर्णय करूं नये. तीन अंकी क्रमांकाची जोड हवीच. त्याच वर्षीं ११० वी ही पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली. इटलींत जुलै १९४४ मध्यें व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे हे या पलटणीचेच.

रंगावर विसंबणारांस एक इशारा दिला पाहिजे. मराठा पलटणींच्या तांबड्या डगल्यांस गळपट्टी कोठें काळी, कोठें पिवळी असे. परंतु जुन्या कांचेवर तांबडा व पिवळा दोन्हीं काळसर उमटत आणि निळा फिका पडे. मोठ्या करून रंगविलेल्या तसबिरी तर अधिकच फसव्या. चिताऱ्यानें भक्तिभावानें पदकें चढविलीं, पागोटें भरदार केलें, असा प्रकार सर्रास आहे. पदकें उजव्या छातीवर दिसलीं तर कांच उलटी छापली गेली काय हें आधीं पाहावें.

११० ठरली म्हणून कूट ठरलें काय? नाहीं. नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफोन येथें जखमी होऊन वेढ्यापूर्वींच बसऱ्यास परतलेलेहि याच पलटणीचे, व दि. २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर नव्यानें भरलेलेहि याच पलटणीचे. घरच्या परंपरेस तसबीर विरोध करीत नाहीं, इतकेंच आज म्हणतां येतें.

याहून पक्का पुरावा पदकाच्या कडेवर असतो. महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण कोरलेली असे. १९१४-१५ च्या ताऱ्यावर तें पाठीमागें असे. दुर्दैव हें कीं तें पदक चांदीचें, म्हणून अडचणीच्या सालीं पुष्कळदां सोनाराच्या मुशींत गेलें. मजूर व हमाल तुकड्यांस तेंच पदक कांशाचें मिळे. तें कोणी विकत घेत नसे, म्हणून टिकलें असण्याचा संभव अधिक. अशा घरीं पूर्वजास ‘लढवय्या’ ठरविण्याची घाई असते, पण तो मजूर तुकडीचाहि माणूस असूं शकतो.

आयोगाच्या मृतांच्या नोंदींत पुष्कळ ठिकाणीं बापाचें नांव व गांव मिळतें. तेथें ‘सोमेश्वरनगर’ शोधणें व्यर्थ आहे. हें नांव सहकारी साखर कारखान्याबरोबर रूढ झालेलें. महायुद्धाच्या काळीं बारामती तालुका भिमथडी या नांवानें ओळखला जाई, म्हणून भिमथडी व मूळ गांव यांचीं नांवें, इंग्रजी लेखनाच्या सर्व विकृतींसह, पडताळावीं. इंदापूरकरांस ही अडचण पडत नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं अशा तसबिरी असतील त्यांनीं चौकटींतून काढून दोन्हीं बाजूंची प्रत, आणि पदक असल्यास त्याच्या कडेचा मजकूर, मंडळाकडे पाठवावा. पदक घासून लखलखीत करूं नये. अक्षरें आधींच उथळ असतात.