चुकीच्या नावाचं तण

‘पायल’ म्हटलं की आपल्याला पैंजण आठवतात. मल्याळममध्ये पायल म्हणजे शेवाळ. त्रिशूरला भाड्याच्या घरात राहायला आलो, तेव्हा परसातल्या तळ्याकडे बोट दाखवून घरमालकीण चेची म्हणाल्या, “आफ्रिकन पायल!” पाणी दिसतच नव्हतं. कित्येक वर्षांत तिथं कुणी धुणंही धुतलेलं नव्हतं.

हे तण आफ्रिकेतलं नाही. आग्नेय ब्राझीलमधलं हे साल्व्हिनिया, एक तरंगतं नेचं. केरळात ते १९५५च्या सुमारास तिरुवनंतपुरमजवळ दिसलं. झांबेझी नदीवरच्या कारिबा धरणाचा जलाशय १९५९नंतर त्यानंच व्यापला होता. ‘आफ्रिकन’ तिथूनच चिकटलं असावं.

महागात पडली ती मात्र शास्त्रज्ञांची चूक. ते याला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत होते. त्यामुळे त्याला खाणारे किडे शोधले गेले ते त्रिनिदाद-गयानाकडे. तिथला एक टोळ केरळातही सोडून पाहिला. तणाला फारसं काही झालं नाही. मिचेल यांनी ही जात वेगळी असल्याचं दाखवून तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव दिलं ते १९७२ साली, आणि तिचं खरं माहेर फोर्नो व हार्ली यांना सापडलं १९७८मध्ये. तिथंच भेटला एक सोंडकिडा, आपल्या तांदळात पडणाऱ्या सोंड्याचा नातलग, जेमतेम दोन मिलिमीटरचा. गंमत म्हणजे तोही आधी दुसऱ्याच जातीचा समजला गेला. सायर्टोबेगस साल्व्हिनी हे स्वतःचं नाव त्याला १९८५मध्ये मिळालं. तोवर ऑस्ट्रेलियातल्या मून्डारा तलावातलं हजारो टन तण त्यानं वर्ष-सव्वा वर्षात बुडवलं होतं.

या तणाला बी धरत नाही. तुटलेला एक तुकडा पुरतो, म्हणून हातानं उपसून ते कधी संपत नाही. सोंडकिडा कोवळे कोंब खातो, अळी खोड पोखरते. तण तपकिरी पडून तळाशी जातं. भारतात तो १९८२ साली आणला. पहिली परीक्षा बंगळूरच्या एका कमळतळ्यात झाली, मग केरळ कृषी विद्यापीठानं तो इकडे सोडला. कुट्टनाडच्या अडलेल्या कालव्यांतून नावा पुन्हा चालू लागल्या, पडीक टाकलेल्या खाचरांत भात लागला. नाव आधीच बरोबर लागलं असतं तर त्या शेतकऱ्यांची किती वर्षं वाचली असती, हा हिशेब मला सुटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात चेचींनी दोन गडी लावून तळं उपसून घेतलं. काठावरच्या ढिगात मला ते काळे ठिपके चालताना दिसले. मी म्हटलं, “चेची, एका कोपऱ्यात थोडं तण राहू द्या. सगळं काढलं तर किडे उपाशी मरतील, आणि राहिलेल्या तुकड्यांतून तण परत येईल.”

“घरात कुणी झुरळं पाळतं का?” त्या म्हणाल्या.

मी गुपचूप ओंजळभर तण, किड्यांसकट, न्हाणीघरामागच्या फुटक्या टबात टाकून ठेवलं. पाऊस लागल्यावर तळ्याच्या कडेला चार हिरवे पुंजके दिसले. संध्याकाळी चेची देवळात गेल्यावर मी टब तळ्यात रिता केला.