ठासणीची बंदूक आणि तिचा कागद

आमच्या घरात दोन गोष्टींना मुलांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. एक म्हणजे माजघरात उंच खुंटीवर टांगलेली ठासणीची बंदूक, आणि दुसरी म्हणजे आजोबांच्या लाकडी पेटीत तळाशी, मेणकापडात गुंडाळून ठेवलेलं परवान्याचं बुक. बंदुकीला चुकून हात लागला तर आजोबा नुसते ओरडायचे. बुकाला हात लागला तर मात्र पाठीत धपाटा बसायचा. लहानपणी मला याचं नवल वाटे. बंदुकीने माणूस मरतो, कागदाने काय होणार? पुढे एका प्रवासात ते कळलं. पण तो प्रवास सांगण्याआधी बंदूक घरात आली कशी ते सांगायला हवं.

आमचं गाव कुडाळकडचं. हा मुलूख १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता. गावाच्या मागे डोंगर, डोंगरात रानडुकरं, आणि डोंगराच्या पायथ्याशी आमची भातशेती. भात पोटरीला आलं की डुकरांचा कळप रात्रीत उतरायचा. डुक्कर जेवढं खातं त्याच्या चौपट तुडवतं. सकाळी जाऊन बघावं तर कुणग्यात चिखल आणि मोडलेली ताटं. वर्षभराचं पोट एका रात्रीत गेलेलं. म्हणून माळ्यावर बसून राखण करायची, डबे वाजवायचे, हाकाटी घालायची, आणि ज्याच्याकडे असेल त्याने बंदुकीचा बार काढायचा. आमच्या वाडीत बंदूक एकच, आमची. तिच्या भरवशावर सगळी वाडी झोपायची.

ती पणजोबांच्या काळातली. नळीत वरून दारू घालायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि शेवटी केप. एक बार भरायला एवढा वेळ लागे की डुकराने ठरवलं असतं तर तेवढ्यात घरी जाऊन परत आलं असतं. पण आवाज असा व्हायचा की समोरच्या डोंगरावरून दोनदा परत यायचा.

आता या बंदुकीला कागद कधीपासून लागला? इंग्रजांनी १८५७ नंतर लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. पण देशभराचा पक्का कायदा झाला तो १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही, हत्यार घेऊन फिरायचं नाही. त्यात बोचणारी गोष्ट ही की गोऱ्या माणसाला या कायद्याच्या नियमांतून सूट होती. साहेब शिकारीला बंदूक घेऊन कुठेही जाई, आणि शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात नेली तर त्याला शिपाई विचारी, परवाना कुठाय? पुढच्याच वर्षी, १८७९ ला, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं आणि सरकारचा हात आणखी आवळला. कातडीच्या रंगावरची ती सूट १९२० च्या नियमांनी काढली. पण लोकांच्या मनातला सल गेला नाही. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यात शेवटची मागणी स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही होती. अहिंसेवाल्या माणसाने बंदुकीचा परवाना मागावा! आजोबा हे मोठ्या चवीने सांगायचे. "गांधीक पण ठावक होता, डुकर काय उपासाक भियाणा नाय."

आमच्या मुलखात संस्थान, त्यामुळे परवाना सावंतवाडी दरबारचा. आजोबांच्या पेटीत तो जीर्ण कागद होता, संस्थानाच्या शिक्क्याचा, मोडीत लिहिलेला. १९४८ ला संस्थान विलीन झालं, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात गेलो आणि कागदही बदलला. मग स्वतंत्र भारताने आपला शस्त्र कायदा केला तो १९५९ चा, आणि तो लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. कायदा दिल्लीचा, परवाना जिल्ह्याचा, आणि जाच गावातल्या माणसाला. पण एक न्याय त्या कायद्याने केला. पिकाच्या राखणीसाठी खरोखर गरज असेल तर शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं. आमचं बुक त्याच जातीचं होतं.

त्या बुकात काय काय असायचं ते नीट सांगतो. बंदूक कोणाच्या नावावर, कसली, कशासाठी, आणि कुठल्या हद्दीत चालेल. ही हद्द महत्त्वाची. कोणाचा परवाना जिल्ह्यापुरता, कोणाचा राज्यापुरता, क्वचित कोणाचा सगळ्या देशात चालणारा. आमचा शेत राखण्याचा, म्हणजे मुळात शेताशी बांधलेला. ती बंदूक खांद्यावर टाकून पाहुण्यांकडे गेलो तर गुन्हा. तीच बंदूक, तोच माणूस, फक्त हद्द ओलांडली की चोर.

१९६८ च्या मे महिन्यात नेमकं हद्द ओलांडायचं काम निघालं. केप बसवायची जागा झिजली होती आणि घोड्याचा मार नीट बसेना. तीनदा घोडा पाडावा तेव्हा एकदा बार उडे. गावच्या लोहाराने हात टेकले. कोल्हापुरात एक जुना बंदूकवाला आहे असं कळलं. पावसाआधी काम व्हायला हवं होतं. आजोबांचे गुडघे गेलेले, बाबा मुंबईला गिरणीत. उरले तात्याकाका. पण बंदूक काकांच्या नावावर नाही!

त्यावरही कायद्यात वाट होती. परवानेवाल्याने लेखी अधिकार दिला तर दुसरा माणूस त्याची बंदूक दुरुस्तीला नेऊ शकतो. कलम ३ मध्येच तसं म्हटलं आहे. हे आजोबांना कचेरीतल्या एका कारकुनाने सांगितलं. आजोबा दोन खेपा घालून, गुडघे चोळत, बुकात तांबड्या शाईची नोंद करून घेऊन आले की बंदूक दुरुस्तीसाठी कोल्हापूरला नेण्यास परवानगी. मग रात्री कंदिलाशी बसून त्यांनी काकांच्या नावे चिठ्ठी लिहिली.

निघताना काकांनी नळी आणि दस्ता वेगळा केला, दोन्ही गोणपाटात बांधले. दारू नाही, केपा नाहीत, छर्रा एक नाही. मला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर. आजोबा पायरीपर्यंत आले. "कागद घेतलंस मां? बंदूक इसारलंस तरी चलात, कागद इसरा नको." काकांनी सदऱ्याच्या आतल्या खिशावर हात ठेवून दाखवला.

एसटी घाट चढून वर आली आणि एका नाक्यावर थांबली. दोन शिपाई गाडीत चढले. दारूबंदीचे दिवस, गोव्याकडून बाटल्या यायच्या, त्यामुळे कोकणातल्या गाडीची झडती ठरलेली. गोणपाटाच्या लांबड्या बोचक्यावर काठी टेकवत एकाने विचारलं, "काय हाय यात?"

काका खरं बोलले. "बंदूक आसा. दुरुस्तीक नेतंव."

गाडीत एकदम शांतता झाली. आमच्या शेजारची बाई पोराला घेऊन पुढच्या बाकावर गेली. आम्हाला खाली उतरवलं आणि एसटी निघून गेली.

चौकीत हवालदाराने बुक उघडलं. तो माणूस वाईट नव्हता, पण कामाला चोख. "नाव कुणाचं हे?"

"बाबांचा. माझ्या बापाशीचा."

"मग बंदूक तुमच्याकडं कशी?"

काकांनी चिठ्ठी काढून दिली. हवालदाराने ती सरळ धरली, उलटी धरली, शिपायाला दाखवली. "हे काय लिवलंय?"

चिठ्ठी मोडीत होती. आजोबांचा सगळा जन्म मोडीत गेला. हिशेब मोडीत, पत्रं मोडीत. दुसरी लिपी हाताला वळतच नव्हती, आणि घरात कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. चौकीतली माणसं पंचविशी-तिशीची, बाळबोधात शिकलेली. त्यांना ती नुसती गुंतवळ दिसत होती. आणि काकांची गत अशी की त्यांनाही मोडी धड येत नव्हती. कागदात काय लिहिलंय ते त्यांनी तोंडी सांगितलं, पण हवालदार म्हणाला, "तुम्ही सांगाल ते खरं कशावरून? मला कागद वाचता आला पाहिजे." त्याचंही चूक नव्हतं. वाचता न येणारा अधिकार आणि नसलेला अधिकार, चौकीच्या टेबलावर दोन्ही सारखेच.

बंदूक जप्त होणार, काकांना आत घेणार, आणि मला कोणाच्या तरी हाती परत धाडणार, अशी बोलणी सुरू झाली. काकांच्या कपाळावरचा घाम मला आजही दिसतो. भात पोटरीला यायच्या आत बंदूक परत नाही आली तर वाडीचं काय, हेच त्यांच्या डोक्यात असणार. माझ्या डोक्यात एवढंच की आता काकांना बेड्या घालतात की काय.

चौकीसमोर एक चहाचं खोपटं होतं. शिपाई म्हणाला, तिथं एक म्हातारबा बसलाय, गावचं कुलकर्णीपण केलेला, त्याला येत असंल. म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने चष्मा कानाला दोऱ्याने बांधलेला. चिठ्ठी हातात घेतली आणि त्याचा चेहराच उजळला. "वा! काय अक्षर आहे!" म्हणाला. मग मोठ्याने वाचत गेला. बंदूक माझी, परवाना अमुक नंबरचा, माझा धाकटा मुलगा ती दुरुस्तीस कोल्हापुरी नेत आहे, बंदूक रिकामी आहे, बरोबर दारूगोळा काही नाही, दुरुस्ती होताच परत आणील, मुलास त्रास देऊ नये, दोष असल्यास माझा. खाली सही आणि तारीख.

हवालदाराने बुकातला नंबर ताडून पाहिला, तांबडी नोंद वाचली, नळी उजेडाकडे धरून रिकामी असल्याची खात्री केली. मग म्हाताऱ्याकडून चिठ्ठीच्या पाठीवर बाळबोधात नक्कल लिहून घेतली आणि काकांना म्हणाला, "जावा. पण म्हाताऱ्याला सांगा, फुडच्या बारीला वाचता यील असं लिवायला." आम्हाला पुढची गाडी मिळेतो दिवस मावळला.

बंदूक दुरुस्त झाली. त्या पावसाळ्यात बार पहिल्या घोड्याला उडू लागला. पण मला आठवतो तो घरी परतल्यावरचा आजोबांचा चेहरा. काकांनी सगळं सांगितलं. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "झिला, ह्याच्या फुडे तू लिवायचा. मी सांगतंय, तू लिव." त्या दिवसापासून घरातली सगळी कागदपत्रं मी लिहू लागलो. आजोबा फक्त सही करायचे, तीही मोडीत. सही कोणी वाचायला मागत नाही.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. परवानगीशिवाय रानडुकराला मारता येईना, तेव्हा बंदूक नुसत्या आवाजापुरती उरली. १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि रत्नागिरीच्या खेपा वाचल्या. आजोबांनंतर परवाना काकांनी आपल्या नावावर करून घेतला. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घेऊन यायचं. २०१९ ची विधानसभेची निवडणूक ऐन ऑक्टोबरात, भात कापणीला आलेलं. बंदुका ठाण्यात, डुकरं शेतात. काका पावती घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "ही पावती डुकरांका दाखवतंय, तेंका वाचूक येता काय बगूया."

त्याच वर्षाच्या शेवटी कायदा पुन्हा बदलला. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. आता प्रत्येक परवान्याला संगणकातला नंबर लागतो. तो नसेल तर बुक म्हणजे रद्दी. मला यात वावगं काही वाटत नाही. बंदूक ही वस्तूच अशी आहे की ती कोणाची, कुठे आणि कशाला, हे अनोळखी माणसाला दोन मिनिटांत कळायला हवं. नाक्यावरच्या हवालदाराने आम्हाला शिकवलं ते एवढंच.

काका तीन वर्षांपूर्वी गेले. परवानेवाला गेला की बंदूक आपोआप वारसाकडे येत नाही. पोरं पुण्या-मुंबईत, शेतीचा अर्धा भाग पडीक. कोणी परवाना मागितला नाही. मी स्वतः बंदूक गोणपाटात बांधली, बुक घेतलं, मृत्यूचा दाखला घेतला, आणि ठाण्यात जमा करून पावती आणली. वाटेत तीनदा खिसा चाचपला.

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर बंदूक आणि तिच्याशेजारी बुक मांडून पूजा व्हायची. आता दोन्ही नाहीत. पाटावर कोयता, कुदळ, आणि ती १९६८ ची चिठ्ठी असते. एका बाजूला मोडी, पाठीवर बाळबोध. माझ्या नातवाने गेल्या वर्षी विचारलं, आजोबा, ही बाजू कोण वाचतं? मी म्हटलं, आता कोणी नाही. पण एकदा एका माणसाने वाचली होती, म्हणून तुझे मोठे आजोबा घरी आले.