दुग्धपर्याय (घरगुती केक व पाव यांतील)

घरच्या भट्टीत केक, पाव, बिस्किटे इ. जिन्नस भाजताना दुधाच्या जागी जे द्रव किंवा मिश्रण योजले जाते, त्यास दुग्धपर्याय म्हणतात. दुधाची टंचाई वा महागाई, धार्मिक निर्बंध, प्रकृतीस दूध न मानवणे आणि प्राणिज अन्नाचा तत्त्वतः त्याग ही त्याची प्रमुख कारणे होत. प्रस्तुत नोंदीत केवळ कोरड्या उष्णतेवर भाजल्या जाणाऱ्या पदार्थांचा विचार केला असून सांदण, पातोळ्या इ. वाफवलेली पक्वान्ने वगळली आहेत.

दुधाचे कार्य : गाईच्या दुधात सु. ८७ टक्के पाणी, ३.५ ते ४ टक्के स्निग्धांश, ३.३ टक्के प्रथिने आणि ४.८ टक्के दुग्धशर्करा असते. पाण्याने पिठातील प्रथिनांचे ग्लूटेन बनते व पिष्ठ फुगते. स्निग्धांशाने पोत मऊ राहतो. दुग्धशर्करा आणि प्रथिने यांच्या परस्परक्रियेने, म्हणजे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या विक्रियेने, कवचास तांबूस रंग व खमंगपणा येतो. पावाचे यीस्ट दुग्धशर्करा पचवू शकत नसल्यामुळे पीठ कितीही वेळ आंबले तरी ती शिल्लक राहते, आणि दूध घातलेल्या पावाचा रंग पाण्याच्या पावाहून गडद होतो तो याच कारणाने. दूध आंबट असल्यास त्यातील दुग्धाम्ल खाण्याच्या सोड्याशी संयोग पावून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण करते व पदार्थ फुलतो. कच्च्या दुधातील निवळीची प्रथिने पावाचे पीठ सैल करतात, म्हणून दूध प्रथम उकळीच्या बेतास आणून निववावे असा शिरस्ता आहे. वनस्पतिज पर्यायांस ही दक्षता लागत नाही.

महाराष्ट्रात अनेक घरी येणारे दूध म्हशीचे, म्हणजे ६ ते ८ टक्के स्निग्धांशाचे असते. उलट परदेशी पाककृती गाईच्या दुधावर बेतलेल्या असतात. त्या कृती जशाच्या तशा उचलणाऱ्या गृहिणीकडून नकळत एक अदलाबदल आधीच घडलेली असते, ही तफावत पाककृतींच्या पुस्तकांत क्वचितच नोंदविली जाते. पर्याय निवडताना म्हणूनच, त्या विशिष्ट पदार्थात दुधाकडे कोणते काम सोपविले होते, याचा हिशेब प्रथम करावा. साध्या केकमध्ये ते काम बहुतांशी पाण्याचे असते आणि एक पेला पाण्यात दीड लहान चमचा लोणी वाढवून घातल्यास भागते. नानखटाईचा बांधा तर केवळ तुपावर उभा असल्यामुळे तेथे पर्यायाचा प्रश्नच उद्भवत नाही.

कोकण व गोवा : या विषयाचे सर्वांत समृद्ध दाखले कोकणपट्टीत आढळतात, कारण येथे नारळ मुबलक आणि दूध घाटावरच्या मानाने बेताचे, अशा परिस्थितीत भाजीव पक्वान्नांची जी परंपरा सिद्ध झाली, तिच्यात दुधाची उणीव भरून काढण्याचा प्रसंगच येत नाही.

धोंडस हे याचे उत्तम उदाहरण होय. मोठे तवसे (काकडी) किसून, त्याच्या सुटलेल्या पाण्यातच भाजलेला रवा, गूळ, ओल्या नारळाचा चव आणि वेलदोड्याची पूड कालवून, मिश्रण काही काळ मुरू देऊन जाड बुडाच्या पातेल्यात ओततात आणि खाली मंद विस्तव व झाकणावर निखारे ठेवून दोन्ही अंगांनी भाजतात. तवशात सु. ९५ टक्के पाणी असल्यामुळे द्रवाचे काम त्याकडे, स्निग्धतेचे काम खोबऱ्याकडे आणि रंगाचे काम गुळाकडे जाते. यातील गुळाची योजना रसायनदृष्ट्या विशेष मननीय आहे : शुद्ध साखर मायार विक्रियेत प्रत्यक्ष भाग घेत नाही, परंतु गुळात ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करांचा काही अंश असल्याने दुग्धशर्करेवाचूनही कवच तांबूस होते. दुधाविना केलेले केक फिकट राहतात अशी जी सार्वत्रिक तक्रार असते, तिचे निवारण साखरेचा थोडा हिस्सा गुळाने बदलल्याने होऊ शकते. रवा पाणी सावकाश शोषतो, म्हणून मुरवण्याची पायरी गाळल्यास धोंडस मध्यभागी चिकट व कडेला कोरडे होते.

गोव्यातील बेबिंक नारळाच्या दाट रसात अंड्यांचे बलक, साखर, मैदा आणि जायफळ घालून थरांनी भाजले जाते. वरून निखाऱ्यांची आंच देऊन एक थर तांबूस झाला की त्यावर तूप सोडून पुढचा थर ओततात. सात थरांची चाल प्रसिद्ध असली तरी सोळा थरांचेही बेबिंक करतात. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील बिबियाना नावाच्या जोगिणीकडे त्याचे श्रेय देणारी आख्यायिका प्रचलित आहे. तिचा येथे केवळ निर्देश केला आहे. गोव्याच्या बेबिंकास २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. नाताळात होणाऱ्या बाथ या केकमध्ये रवा आणि वाटलेले ओले खोबरे असते.

नारळ खवून पाणी न घालता पिळलेल्या रसात सु. एक तृतीयांश, तर पाणी घालून काढलेल्या दाट रसात सु. एक पंचमांश स्निग्धांश असतो. म्हणजे दोन्ही म्हशीच्या दुधाहून पुष्कळच स्निग्ध. साध्या केकमध्ये एक पेला दुधाऐवजी अर्धा पेला दाट रस व अर्धा पेला पाणी घ्यावे आणि कृतीतील लोणी एक ते दीड मोठा चमचा कमी करावे. ही कपात न केल्यास केक तेलकट होऊन मध्ये बसतो. खोबऱ्याची स्निग्धता सु. २४ ते २५ अंश सेल्सिअसला गोठते, त्यामुळे समुद्रकाठी मऊ लागणारा केक घाटावरच्या हिवाळ्यात घट्ट होतो व खाण्यापूर्वी किंचित शेकावा लागतो. नारळाचा वास लपत नाही आणि तो लपविण्याचा यत्नही करू नये. जायफळ, वेलदोडा व गूळ यांच्या संगतीत तो खुलतो, व्हॅनिलाच्या संगतीत मात्र दोन्ही सुगंध अर्धवट वाटतात.

निर्बंध व टंचाई : मध्ययुगीन यूरोपात ईस्टरपूर्व उपवासकाळात दूध-लोणी वर्ज्य असल्यामुळे बदामाच्या दुधाचा वापर सर्वत्र होता, इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्याशी निगडित असलेल्या, सु. १३९० च्या पाककृतिसंग्रहातही ते वारंवार येते. सॅक्सनीत उपवासाच्या भाकरीत लोणी घालण्याची मुभा पोप आठवा इनोसंट याने १४९१ मध्ये दिली. ज्यू धर्माचारानुसार मांसाच्या जेवणानंतर दुधाचा पदार्थ चालत नसल्याने दुग्धविरहित केकची स्वतंत्र परंपरा त्या समाजात टिकून आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत बेदाणे, साखर व चरबी पाण्यात उकळून, दूध, अंडी व लोणी यांवाचून केक करीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शिधापत्रिकेवर दुधाची भुकटी मिळे. मुंबईत दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये टोन्ड दूध निघाले. म्हशीच्या दुधात मलईरहित दुधाची भुकटी व पाणी मिसळून ३ टक्के स्निग्धांशाचे दूध अधिक लोकांस पुरविण्याची ती तजवीज होती. केकच्या दृष्टीने पाहता, परदेशी कृतींशी हे दूध म्हशीच्या निर्भेळ दुधापेक्षा अधिक जुळते.

दुग्धज पर्याय : ताजे दूध नसता एक भाग मलईरहित दुधाची भुकटी व नऊ भाग पाणी (वजनाने) हे प्रमाण साधारणतः ग्राह्य मानले जाते. गोड संघनित दूध (दूध निर्वातात आटविण्याच्या पद्धतीचे एकस्व गेल बोर्डेन यांनी १८५६ मध्ये मिळविले) महाराष्ट्रातील शाकाहारी घरांत बिनअंड्याच्या केकचा आधार ठरले. त्यात ४० टक्क्यांहून अधिक साखर असल्याने वेगळी साखर नाममात्र घालावी. एक पेला दुधाऐवजी अर्धा पेला दही व अर्धा पेला पाणी घेतल्यास पाव लहान चमचा सोडा पुरतो. अधिक सोड्याने साबणाची चव येते. विजेची गोल ॲल्युमिनियमची भट्टी किंवा शिटी काढून तळाशी वाळू पसरलेला प्रेशर कुकर, या दोहोंत वरून आंच कमी पोहोचते, हे रंगाच्या बाबतीत ध्यानात घ्यावे.

सोयाबीनचे दूध : प्रथिने गाईच्या दुधाइतकी, म्हणून केकच्या बांध्यास सर्वांत जवळचे. एक मोठा चमचा लिंबाचा रस घातल्यास ते फाटते व ताकाप्रमाणे सोड्याबरोबर उपयोगी पडते. नारळाच्या रसाने हे तितकेसे साधत नाही.

इतर : ओटच्या दुधात विकरांनी पिष्ठाची माल्टोज शर्करा झालेली असल्याने रंग चांगला येतो. तांदळाचे दूध पातळ.

प्रकृतिविषयक दक्षता : दुग्धशर्करा न पचणे आणि दुधातील प्रथिनांची ॲलर्जी या भिन्न अवस्था आहेत. पहिलीत दही, तूप किंवा दुग्धशर्करारहित दूध बहुधा चालते. दुसरीत यांपैकी काहीही निर्धोक मानता येत नाही, कारण तुपातही प्रथिनांचा लेश राहू शकतो. बेबिंकात दूध नसले तरी तूप असते, सबब अशा व्यक्तीसाठी ते दुग्धविरहित धरू नये आणि थरांवर तुपाऐवजी खोबरेल सोडावे.